मुदत न घातलेला नवस

शेवटचे पाहुणे गेले त्या दिवशी सेवास्तीने वरच्या खोल्यांच्या खिडक्या लावून घेतल्या, गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि उशांचे सगळे अभ्रे उकळत्या पाण्यात बुडवले. अंगणातल्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीने आवळल्या. उन्हाळाभर परक्यांशी गोड बोलून तिचे गाल दुखायला आले होते. आता वसंत येईपर्यंत बेट आपलं.

आमच्या हाल्की बेटाचं हे असंच आहे. उन्हाळ्यात बंदरातली पिवळी-गुलाबी घरं बघायला जग लोटतं, आणि ऑक्टोबर सरला की मूठभर माणसं नि पोतंभर मांजरं उरतात. शेजारच्या मोठ्या रोड्स बेटाची बोट वारा बरा असेल तर येते, नसेल तर येत नाही. दुकानदार पाट्या आत घेतात. लोक दाराबाहेर उन्हाला पाठ देऊन बसतात आणि उन्हाळ्यात राहून गेलेली भांडणं सावकाश पुरी करतात. पाहुणे जाताना हमखास विचारतात, "हिवाळ्यात तुम्ही इथे करता तरी काय?" सेवास्तीचं उत्तर ठरलेलं. "तुमच्या मागचं आवरतो."

बाई फटकळ. सारांतिस नावाडी तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र, तिच्या मुलीचा धर्मपिता. तो तोंडावर सांगायचा, "वहिनी, तुमची जीभ समुद्रात टाकली तर मासे मरतील." ती म्हणायची, "मग तुमचं जाळं तरी भरेल एकदा."

नवरा गेल्यावर तिने एकटीने पोर वाढवली, घराच्या वर खोल्या चढवल्या, कुणापुढे मान लववली नाही. देवापुढेही नाही. तिच्या स्वयंपाकघरात, जिथे घरोघरी दिवा तेवतो त्या कोपऱ्यात, मिखाईल देवदूताची तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. खाली दिव्याची रिकामी वाटी. गावातल्या बाया ते बघून छातीवर क्रूस काढायच्या आणि विषय बदलायच्या.

हा मिखाईल म्हणजे सिमी बेटावरचा. सिमी आमच्या ईशान्येला, सारांतिसच्या बोटीने अर्ध्या दिवसाची वाट. तिथे पानोर्मोसच्या खाडीत त्याचा मठ आहे, म्हणून आम्ही त्याला पानोर्मितिस म्हणतो. माणसाचा प्राण न्यायला येतो तोच हा. त्याच्याशी सगळे जपून. बोललेला नवस फेडला नाही, तर नवसकऱ्याची बोट त्याच्या खाडीतून बाहेर पडत नाही. इंजिन बसतं ते बसतंच. सोन्याचांदीपेक्षा त्याला झाडूचं वेड. नोव्हेंबरात त्याची जत्रा भरते. घरटी एक नवा झाडू न्यायचा, त्याचं अंगण झाडायचं, झाडू तिथेच ठेवून यायचं. जाणं जमलं नाही तर झाडू समुद्रात सोडायचा, वारा कुठलाही असो, तो त्याच्या खाडीत जाऊन लागतो. पाहुणे यावर हसतात. हसू देत.

आणि एक गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं: पानोर्मितिसच्या नवसाला मुदत घालायची. माझं लेकरू वाचव, ते एक उन्हाळा तुझं अंगण झाडेल. एक उन्हाळा, एक वर्ष, काय झेपेल ते, पण बोलायचं. तुम्ही नाही बोललात तर मुदत तो ठरवतो.

सेवास्तीचा नवरा योर्गिस तेवढंच चुकला. थेमेलिना तान्ही होती. तापाने फणफणली, ओठ निळे पडले. बाहेर वादळ, बोट निघणं शक्य नाही. योर्गिस त्या तसबिरीपुढे गुडघ्यावर बसला आणि ओरडला, "ही वाचली तर ही तुझी झाडूवाली!" आणि ढसाढसा रडायला लागला. पुढे काही बोललाच नाही. त्याची आई कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे मुदत? मुदत घाल ना, मुडद्या!" पण तेवढ्यात पोरीने डोळे उघडले, आईला लुचायला लागली, आणि त्या आनंदात ते राहूनच गेलं.

पुढच्या जत्रेला योर्गिस मुदत ठरवायला म्हणून एकटा सिमीला गेला. बरोबर नवा झाडू. झाडूच्या दांड्याला त्याने जाळ्याची निळी दोरी गुंडाळून पाणबुड्यांची गाठ मारली होती, तो नेहमी मारायचा ती. त्याची बोट दोन बेटांच्या मधोमध सापडली. इंजिन चालू होतं. आत माणूस नव्हता.

त्या दिवशी सेवास्तीने तसबीर फिरवली. "बाप घेतलास ना? मिटलं. पोर माझी." त्यानंतर त्या घरातून झाडू गेला नाही. थेमेलिनाला यातलं कुणी काही सांगितलं नाही. सेवास्तीने सगळ्या गावाला बजावलं होतं, आणि तिने बजावल्यावर बोलायची कुणाची छाती?

आता ती पोर लग्नाची झाली होती. रोड्समधल्या निकितास नावाच्या पाववाल्या मुलाशी ईस्टरनंतरची तारीख धरली होती. आईसारखीच तोंडाळ, पण हसरी.

खोल्या बंद केल्याच्या दुसऱ्या सकाळी सेवास्ती दारात आली तर अंगण लख्ख. आमची अंगणं काळ्या-पांढऱ्या गोट्यांची, खाली पावसाच्या पाण्याचं टाकं. अंजिराची पानं त्या दिवसांत अशी गळतात की झाडून हात मोडतात. त्या सकाळी एक पान गोट्यांवर नव्हतं. सगळी टाक्याच्या झाकणापाशी एका ढिगात.

"आज कुठून सूर्य उगवला?" सेवास्ती आत वळून म्हणाली. "न सांगता झाडलंस?"

थेमेलिना डोळे चोळत बाहेर आली. "मी? मला वाटलं तूच. मी सासरी गेल्यावर कोण झाडणार, म्हणून सवय करतेयस."

दोघी हसल्या. वाऱ्याने केलं असेल, म्हणून सोडून दिलं. वारा दक्षिणेचा होता, उबट, सतत वाहणारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगण झाडलेलं. तिसऱ्या दिवशी ढीग आणखी नेटका, कडेने हात फिरवल्यासारखा. सेवास्तीने तो पायाने उधळून लावला.

त्याच दुपारी ती भांडी घासायला घराच्या पायऱ्यांवर गेली. बंदरातल्या आमच्या घरांच्या पायऱ्या सरळ पाण्यात उतरतात. शेवटच्या पायरीला लागून एक झाडू डुलत होता. लांब दांड्याचा, नवा कोरा. तिने उचलला. त्याच्या बाहेरच्या काड्या ओल्या होत्या; आतल्या, मधल्या, खडखडीत कोरड्या. दांड्याला निळी दोरी होती. तिने गाठीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

सारांतिस धक्क्यावर जाळं विणत होता. तिने झाडू त्याच्यापुढे टाकला. "कुणाचा आहे हा?"

त्याने वळवून बघितला. त्याचा हात गाठीपाशी थांबला. "वहिनी, वारा आठवडाभर दक्षिणेचा आहे."

"मग?"

"मग काही नाही. आपले झाडू तिकडे जातात. तिकडून इकडे, तेही वाऱ्याच्या तोंडावर आलेला..." त्याने झाडू तिच्याकडे परत सरकवला. "सोडा परत पाण्यात. त्याचा असेल तर जाईल."

तिने वल्ह्याने ढकलून तो दूर घालवला. तो बंदराच्या तोंडापर्यंत गेलेला तिने स्वतः बघितला. दुसऱ्या दुपारी तो त्याच पायरीला होता. तेव्हा तिने त्याचे तुकडे केले, पावाच्या भट्टीत घातले आणि आग लावली. झाडू जळला. धूर मात्र झाला नाही. धुराड्यातून काहीच निघालं नाही, आणि भट्टी उघडली तर आत राख नव्हती.

"जळो मेलं," ती म्हणाली. हात धुतले आणि कांदे चिरायला बसली. नेहमीसारखेच बारीक चिरले.

पुढच्या दुपारी झाडू पायरीवर आला नाही. जेवणं झाली, गाव आडवं झालं. त्या वेळी आमच्याकडे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. सेवास्ती पडल्या पडल्या छताकडे बघत होती. वरच्या बंद खोलीतून आवाज आला. खर्र... खर्र... मधे थांबून, पुन्हा. कोपऱ्यापासून दारापर्यंत.

ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन जिना चढली. कुलूप जसंच्या तसं. खिडकी आतून बंद. गाद्या भिंतीला. फरशी ओल्या पाटीसारखी स्वच्छ, आणि उंबऱ्याच्या आत धुळीचा छोटा ढीग. धुळीत पावलं नव्हती. खोलीत समुद्राच्या ओल्या खडकांचा वास होता.

दुसरी एखादी किंचाळली असती. सेवास्तीने कमरेवर हात ठेवले. "झाड!" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "आयतं झाडून मिळतंय, मला काय! पलीकडची पण झाड. आणि जाळी राहिलीयत वर, दिसत नाहीत का?"

कुलूप लावून ती खाली आली. आता आवाज अंगणातून येत होता.

अंगणात थेमेलिना होती. अनवाणी. पाठमोरी, जरा वाकलेली, दोन्ही हात पुढे, मुठी एकावर एक. ती झाडत होती. हातात काही नव्हतं. तरी तिच्या पुढून अंजिराची पानं सरकत होती, टाक्याकडे, एका ओळीत.

"थेमेलिना!"

पोरगी वळली. डोळे सताड उघडे. आवाज मात्र झोपेतला. "आई, माझी मुदत किती आहे?"

सेवास्तीने तिला उचलूनच आत नेलं. जागी झाल्यावर पोरीला काही आठवत नव्हतं. पण तळहातांवर फोड आले होते, पाण्याने टरटरलेले.

त्यानंतर थेमेलिना उतरणीला लागली. खाणं सुटलं. भाजलेला कांदा नि चीज घातलेल्या शेवया, ज्यावर ती नेहमी तुटून पडायची, तिने बोटानेच बाजूला सारल्या. अंग गार पडायला लागलं. रोज दुपारी तिचे हात पांघरुणाखाली हलायचे. कोपऱ्यापासून दारापर्यंत. बेटावर नेमणुकीवर आलेला तरुण डॉक्टर येऊन गेला. छाती तपासली, रक्त घेतलं, म्हणाला, "काही सापडत नाही. रोड्सला हलवा." हलवणार कशाने? वाऱ्यामुळे बोट बंद होती.

जत्रा जवळ आली तसा वारा पडला. सारांतिस आपल्या बोटीतून गावच्या नवसकऱ्यांना नेणार होता. तो टोपी हातात घेऊन सेवास्तीच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. भिंतीकडे तोंड केलेल्या तसबिरीकडे बघायचं टाळत होता.

"वहिनी, पोरीला घेऊन चला. मी तिचा धर्मपिता आहे, मला बोलायचा हक्क आहे. झाडू दे एकदा त्याचं अंगण. फिटून जाईल."

"फिटून जाईल? किती झाडायचं तिने? सांगा ना. एक दिवस? एक वर्ष?" सेवास्तीचा आवाज चढला. "मुदतच नाही त्या नवसाला. तिथे नेली की ती तिथलीच. मी तिला त्याच्या दारात घरपोच नेऊन देऊ?"

"मग काय करणार?"

"मी येते."

"तुम्ही? नवस फेडायला?"

"भांडायला," सेवास्ती म्हणाली.

सारांतिसची अनेझूला नावाची बायको पोरीपाशी बसली. निघताना सेवास्तीने लेकीच्या गार कपाळावर ओठ टेकले. पायऱ्यांवर झाडू होता. निळ्या दोरीचा. तिने तो उचलला आणि बोटीत जाऊन बसली. बाकीच्या बायांनी आपापले झाडू फुलांसारखे छातीशी धरले होते. सेवास्तीने आपला सोट्यासारखा धरला होता. बाया तिच्यापासून जरा सरकूनच बसल्या. रोड्सची टेकाडं उजवीकडून मागे सरकली, मग सिमीचे उघडे डोंगर वर आले, आणि अरुंद तोंडातून बोट त्या गोल खाडीत शिरली. पाणी तळ्यासारखं. समोर मठाची लांबच लांब पांढरी इमारत, मधे उंच घंटाघर. उन्हाळ्यात इथे पोहणाऱ्यांची दाटी असते. आता घंटा वाजत होत्या, काळ्या कपड्यांतली माणसं होती आणि सगळ्यांच्या हातात झाडू.

सेवास्ती देवळात गेली नाही. प्रार्थना संपून लोक जेवायला बसेपर्यंत ती कमानीखाली उभी राहिली. मग बाह्या वर केल्या आणि अंगण झाडायला लागली. एका टोकापासून. असं झाडत होती की गोटे उपटून निघावेत.

निकिफोरोस नावाचे म्हातारे साधू काठी टेकत आले. "बाई, हळू. जमिनीवर राग आहे का तुझा?"

"जमिनीने माझं काय घोडं मारलंय, बाबा? माझा राग तुमच्या धन्यावर आहे."

ते हसले नाहीत. झाडूकडे बघत होते. "ही गाठ मी पाहिली आहे. हाल्कीचा एक माणूस आला होता. त्यानेही असंच दिवसभर झाडलं. संध्याकाळी आत जाऊन त्याने मुदत विचारली."

सेवास्ती थांबली. "मग?"

"मग बाहेर आला तो पांढराफटक. म्हणाला, असली मुदत मला मंजूर नाही. आणि झाडू उचलून चालता झाला." साधूंनी तिच्याकडे पाहिलं. "इथून झाडू कुणी परत नेत नाही, बाई. मी हाक मारली त्याला. तो वळला नाही."

सेवास्तीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकी वर्षं ती योर्गिसवर चिडली होती, भोळसट मेला, देवापुढे लोटांगण घालायला गेला नि बुडाला, म्हणून. आणि तो तर मिखाईलला ‘नाही’ सांगून आला होता. त्याच्या तोंडावर. तिला योर्गिसचा इतका अभिमान वाटला की तिने नाक जोरात शिंकरलं आणि उरलेलं अंगण झाडून काढलं.

मग ती आत गेली. देऊळ रिकामं होतं. छतापासून लोंबणारे चांदीचे दिवे संथ हलत होते. समोर मोठ्या तसबिरीत तो उभा. माणसाहून उंच, अंगभर चांदी, फक्त चेहरा काळपट. तिने वाकून नमस्कार केला नाही, तसबिरीचं चुंबन घेतलं नाही.

"ओळखलंस?" ती म्हणाली. "तोंड भिंतीकडे करून ठेवते ती मीच. आता नीट ऐक. पोर मिळणार नाही. तुला झाडूवाली हवी ना? ही काय, उभी आहे समोर. हात अजून मजबूत आहेत, आत्ताच बघितलंस. आणि मुदत तू नाही, मी घालणार. मरेपर्यंत. माझ्या जिवात जीव आहे तोवर मी झाडीन, आणि थेमेलिनाकडे तू ढुंकून बघायचं नाहीस."

दिवे हलायचे थांबले. हळूहळू नाही. सगळे एकदम.

"मुकाट्याने ऐकलंस ते बरं केलंस," सेवास्ती म्हणाली. झाडू दाराशी टेकवला आणि धक्क्याकडे चालायला लागली.

परतीला सगळे बोटीत बसले. सारांतिसने किल्ली फिरवली. इंजिनाने आवाज केला नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. एकेकाची नजर फिरायला लागली.

"कुणाचं राहिलंय?" सारांतिस हळू आवाजात म्हणाला. "असेल त्याने सांगा."

सगळ्या बाया सेवास्तीकडे बघत होत्या. तिला कळेना. मग तिने खाली बघितलं. झाडू तिच्या हातात होता.

तिने तो आणला नव्हता. देवळाच्या दाराशी टेकवून ठेवलेला तिला स्वच्छ आठवत होता. आता बोटं दांड्यावर अशी मिटली होती की उघडताना दुखली.

ती धक्क्यावर उतरली. हळू ठेवायचं सोडून तिने तो झाडू मठाच्या दाराकडे भिरकावला. "घे! आणि माझ्या नवऱ्याचं म्हणून परत काही पाठवायचं नाही!"

झाडू गोट्यांवर पडला. तिच्या मागे इंजिन सुरू झालं.

हाल्कीला पोचली तेव्हा थेमेलिना अंथरुणात बसून शेवया खात होती. वाडगा तोंडाला लावून, बोटं चाटत. "आई, कुठे होतीस? अनेझूलाकाकू मीठच घालत नाही." सेवास्ती हसायला गेली आणि हुंदका फुटला. अंगणात अंजिराची पानं पसरली होती, नुसता उकिरडा. इतकं सुंदर अंगण तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

तसबीर तिने सरळ केली नाही. "काम करेन म्हटलंय," ती सारांतिसला म्हणाली, "बोलेन म्हटलं नव्हतं."

काम मात्र सुरू झालं. दुपारी ती खुर्चीत डोळा लागतोय म्हणेपर्यंत गाढ झोपायची आणि उठायची तेव्हा कंबर मोडलेली असायची. तळहात सोललेले. चपलांचे तळवे झिजून भोकं पडायची, आणि भोकांत पांढरी धूळ. आमच्या बेटावर तसली धूळ नाही. चांभार म्हणाला, "सेवास्ती, चालत कुठे जातेस गं एवढी?" ती म्हणाली, "नवीन तळवे लाव. चौकशा कमी कर."

ईस्टरनंतर लग्न झालं. सेवास्ती अशी नाचली की निकितासकडची माणसं बघत राहिली. मग उन्हाळा आला, पाहुणे आले, गेले. एका म्हाताऱ्या परदेशी बाईने विचारलं, हिवाळ्यात तुम्ही करता तरी काय? सेवास्ती म्हणाली, "झाडते."

ऑक्टोबरच्या शेवटी थेमेलिना रोड्सहून आली, खोल्या बंद करायला हातभार म्हणून. सकाळी सेवास्तीने कॉफी उकळत ठेवली. वास सुटला तशी पोरगी तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. सेवास्ती चुलीशी उभी राहून मनातल्या मनात हसली. विचारलं काही नाही. सांगेल तेव्हा सांगेल. तिने हलकेच काहीतरी गुणगुणत भांड्यांची पाटी उचलली आणि पायऱ्या उतरली.

शेवटच्या पायरीवर एक झाडू होता.

वीतभर लांबीचा.

लेकराच्या मुठीत मावेल एवढा. बाहेरच्या काड्या ओल्या, आतल्या कोरड्या. दांड्याला निळी दोरी आणि ती गाठ, अगदी इवलीशी.

सेवास्ती पायरीवर बसली. पाटी हातातून सुटली, भांडी पाण्यात गेली. ती देवळात काय बोलली होती ते शब्दन् शब्द तिने आठवून बघितलं. थेमेलिनाकडे बघायचं नाहीस. थेमेलिनाचं बोलली होती. थेमेलिनाच्या पोटच्यांचं बोलायचं राहून गेलं होतं.

योर्गिससारखंच.

वरून हाक आली. "आई, काय पडलं?"

"काही नाही गं. पाटी निसटली." आवाज नेहमीचा लागला. "आत बस. ऊन लागू देऊ नकोस."

तिने झाडू कमरेच्या फडक्यात खोचला, डोक्याचा रुमाल गाठ मारून घट्ट केला आणि धक्क्यावर गेली. सारांतिस दोर सुकवत होता.

"बोट काढा. सिमीला जायचंय."

"आज? जत्रेला वेळ आहे अजून, वहिनी."

"जत्रेला कोण जातंय? गेल्या वेळी बोलताना चुकले. दुरुस्त करून येते. आणि यावेळी त्याने ऐकलं नाही ना, तर त्याचा एकेक दिवा खाली उतरवीन."

सारांतिसने तिच्या कमरेकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "थांबा मग," तो म्हणाला. "बॅटरी उतरलीय. काढून घरी ठेवलीय, ती घेऊन येतो."

सेवास्ती बोटीत उतरली आणि पुढच्या फळीवर, तोंड ईशान्येला करून बसली. सारांतिस घराकडे वळला. धक्क्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला असेल नसेल.

मागे इंजिन सुरू झालं.

तो वळला. बोटीत सेवास्तीशिवाय कुणी नव्हतं, आणि तिचे दोन्ही हात त्या झाडूवर होते.

"राहू द्या बॅटरी," ती म्हणाली. "दोर सोडा."